प्लगइनचं ऑटो-अपडेट: या चुका टाळा

नाशिकमधल्या छोट्या दुकानांच्या, लॉजच्या, क्लासेसच्या वर्डप्रेस साइट मी सांभाळतो. वर्डप्रेस म्हणजे साइट बनवायची प्रणाली, आणि प्लगइन म्हणजे तिला जोडायचे सुविधांचे छोटे प्रोग्रॅम. साइट बिघडल्याचा फोन आला की मुळाशी बहुतेक वेळा याच चुका निघतात. ऑटो-अपडेटला माझा विरोध नाही. मालकाला न विचारता ते सुरू करून ठेवण्याला आहे. नुकसान त्याच्या गल्ल्यातून जातं, तेव्हा हो किंवा नाही त्यानेच म्हणायला हवं.

सगळ्या प्लगइनना सरसकट ‘ऑटो’ करणं

वर्डप्रेस ५.५ पासून, म्हणजे ऑगस्ट २०२० पासून, प्रत्येक प्लगइनसमोर ऑटो-अपडेटची सोय आली. ती मुळात बंद असते. पण साइट बनवून देणारा मुलगा सगळ्यांवर टिक करतो, एका झटक्यात चालू करतो आणि पैसे घेऊन मोकळा होतो. होस्टिंगच्या पॅनेलमधून एका क्लिकवर वर्डप्रेस टाकतानाही असाच पर्याय समोर येतो, तो कोणी वाचत नाही.

येवल्याच्या एका पैठणी विक्रेत्याचं यातूनच दिवाळीच्या तोंडावर काय झालं, ते ऐका. रात्री पेमेंट गेटवेचं, म्हणजे ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेचं, प्लगइन आपोआप अपडेट झालं. नव्या आवृत्तीत वेबहुकची (गेटवे पैसे आल्याचा निरोप साइटला ज्या वाटेने पाठवतो तिची) गुप्त की पुन्हा भरायची होती, हे कोणालाच माहीत नव्हतं. सकाळी त्यांचा फोन आला, “भाऊ, पैसे कटले म्हणून गिऱ्हाइकांचे फोन येताहेत, इथे तर ऑर्डर पेंडिंग दिसते.” पैसे आल्याचा निरोप साइटपर्यंत पोचतच नव्हता. वू-कॉमर्स या दुकान चालवणाऱ्या प्लगइनमध्ये पैसे न आलेली ऑर्डर ठरावीक वेळाने रद्द होते (मुळातली सेटिंग ६० मिनिटांची असते) आणि माल पुन्हा विक्रीला येतो. हातमागाची पैठणी म्हणजे एकच नग. गिऱ्हाइकाने पैसे भरलेली साडी पुन्हा साइटवर आली आणि दुसरीने घेतली. दोघींचे पैसे कटलेले, साडी एक. आम्ही गेटवेच्या यादीतला एकेक व्यवहार क्रमांक ऑर्डरशी ताडून पाहत बसलो. दुकानदाराने स्वतः फोन करून माफी मागितली, पैसे परत केले. पण मुलीच्या लग्नासाठी ती साडी निवडलेल्या बाईला नुसते पैसे परत मिळून काय उपयोग?

‘आता वर्डप्रेस बिघडलेलं अपडेट स्वतः मागे घेतं’ असं यावर हमखास सांगितलं जातं. घेतं, जुलै २०२४ च्या ६.६ पासून. पण अपडेटमुळे साइट कोसळली तरच. इथे मुखपृष्ठ व्यवस्थित उघडत होतं.

माझी सवय अशी: पैसे, बुकिंग आणि फॉर्मची प्लगइन हातानेच अपडेट करायची, तीही सकाळी, मालक जागेवर असताना. दुकानात एक रुपयाची एक लपवलेली वस्तू ठेवलेली असते. अपडेट झालं की ती यूपीआयने स्वतः विकत घ्यायची आणि ऑर्डर ‘प्रोसेसिंग’ला गेलेली डोळ्यांनी पाहायची. बाकी किरकोळ प्लगइन ऑटोवर असली तरी चालतात.

एकदा चटका बसला म्हणून सगळंच बंद करणं

ही चूक पहिलीपेक्षा महागात पडते. जुन्या प्लगइनमधली भोकं जाहीर झाली की हल्लेखोर लगेच अशा साइट शोधायला लागतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये अपड्राफ्टप्लस या बॅकअप प्लगइनमध्ये असं भोक सापडलं, की साधा सदस्यही लॉगिन करून पूर्ण बॅकअप उतरवून घेऊ शकत होता. तीस लाखांहून अधिक साइटवर ते होतं, म्हणून वर्डप्रेस.ऑर्गने (प्लगइन जिथून मिळतात त्या वर्डप्रेसच्या अधिकृत साइटने) दुरुस्ती सक्तीने ढकलली, ज्यांनी ऑटो-अपडेट निवडलं नव्हतं त्यांच्याकडेही. मला ते मान्य आहे. भोक बुजवायचं होतं, तेवढंच बुजवलं.

ऑक्टोबर २०२४ ची गोष्ट मात्र मुळीच मान्य नाही. वर्डप्रेसचे सहसंस्थापक मॅट मुलनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन ही होस्टिंग कंपनी यांच्यात वाद सुरू असताना वर्डप्रेस.ऑर्गने अ‍ॅडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स (पानांवर माहितीचे जादा रकाने जोडणारं) हे प्लगइन त्या कंपनीकडून काढून ‘सिक्युअर कस्टम फील्ड्स’ नावाने स्वतःकडे घेतलं. ज्यांचं ऑटो-अपडेट चालू होतं, त्यांच्या साइटवर दुसऱ्याच हातांतला कोड गेला. डिसेंबरमध्ये कोर्टाच्या आदेशानंतर ते मूळ कंपनीला परत मिळालं. मालकाने संमती दिली होती ती एका कंपनीच्या कामाला. ती परस्पर दुसऱ्याच्या नावे वळवता येत नाही.

अ‍ॅडमिनचा ईमेल दुसऱ्याचा असणं

अपडेट झाल्याचा, फसल्याचा आणि साइट कोसळल्यावर आत शिरायच्या लिंकचा मेल याच पत्त्यावर जातो. तिथे जुन्या डेव्हलपरचा जीमेल असेल तर मालकाला काहीच कळत नाही. आजच सेटिंग्जमध्ये जाऊन पाहा.

बॅकअप त्याच सर्व्हरवर ठेवणं. सर्व्हर गेला की बॅकअपही गेला.

फुकटात मिळालेली ‘नल्ड’ प्लगइन, म्हणजे विकतच्या प्लगइनची परवाना तोडलेली प्रत. असं प्लगइन असलेली साइट मी हातात घेत नाही.

बिघडल्यावर घाईघाईने सगळं पुसून पुन्हा टाकणं

नवशिक्यांचा उतावळेपणा इथे सर्वात जास्त दिसतो. ‘डिलीट’ दाबलं की काही प्लगइन आपला डेटाही सोबत नेतात. ‘मेंटेनन्स’चा संदेश अडकला असेल तर दहा मिनिटं थांबा. तरीही हटला नाही तर मुख्य फोल्डरमधली टिंबाने सुरू होणारी मेंटेनन्स फाइल काढा. साइट उघडताना नुसतं पांढरं पान दिसत असेल तर होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये प्लगइन्सच्या फोल्डरमध्ये जाऊन फक्त संशयित प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदला. ते बंद पडतं, डेटा जागेवर राहतो. साइट उघडली की वर्डप्रेस.ऑर्गवर त्या प्लगइनच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड व्ह्यू’मध्ये तळाशी जुन्या आवृत्त्या मिळतात. आधी चालत होती तीच टाका आणि नवीन आवृत्तीबद्दलच्या तक्रारी तिथेच, सपोर्टच्या पानावर वाचा.