प्रोपोलिसचा अर्क आणि मलम: ग्वाल्हेरच्या हवेत कसं करायचं

प्रोपोलिस म्हणजे मधमाश्या पेटीच्या फटी बुजवायला वापरतात ती चिकट राळ; ती खरडायचा हंगाम आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीचा. मुरैना-भिंडकडे मोहरी फुललेली असते, मेलिफेरा (युरोपियन) माश्यांच्या पेट्या बांधांवर लागलेल्या असतात आणि पहाटे पारा ५-६ अंशांवर येतो. साधारण १५ अंशांखाली प्रोपोलिस ठिसूळ होतं, पटाशी लावली की कपचे उडतात. मे महिन्यात तेच पटाशीला, बोटांना चिकटतं आणि सोबत मेण व लाकडाचा भुसा घेऊन येतं. सातेरीच्या, म्हणजे देशी मधमाशीच्या पेटीत मात्र शोधू नका, ती माशी प्रोपोलिस जवळपास गोळाच करत नाही.

माशी ही राळ स्वतः तयार करत नाही. झाडाच्या कळ्यांवरचा, सालीवरचा चीक पायांवर लादून आणते आणि त्यात मेण मिसळते. ढोबळ हिशेब असा: ५० टक्के राळ, ३० टक्के मेण, १० टक्के सुगंधी तेलं, उरलेले परागकण आणि कचरा. औषधी गुण मुख्यतः राळेत असतात, आणि राळ कोणत्या झाडाची यावर सगळं ठरतं. पॉप्लरच्या कळ्यांची असेल तर तीत पिनोसेम्ब्रिन, गॅलँजिन, क्रायसिन हे फ्लेव्होनॉइड (वनस्पतींतली गुणकारी द्रव्यं) आणि कॅफिक आम्लाचे एस्टर मिळतात. ब्राझीलचं हिरवं प्रोपोलिस बॅकॅरिस नावाच्या झुडपाचं, त्यातलं मुख्य द्रव्य आर्टेपिलिन-सी. इंडोनेशियात आंब्याच्या चिकापासूनचं प्रोपोलिस सापडतं, त्यातली रेसॉर्सिनॉल गटातली द्रव्यं त्वचेला चटका देऊ शकतात. म्हणून 'प्रोपोलिस अमुक रोगावर चालतं' एवढं म्हणणं पुरेसं नाही. पेटी मोहरीवर येण्याआधी कुठे होती, हे मधपाळाला विचारा. यमुनानगर-सहारनपूरच्या पट्ट्यातून आली असेल तर राळ पॉप्लरची असण्याचा संभव बराच.

खरडताना रंगवलेला भाग सोडा. रंगातलं शिसं, गंजाचे कण थेट अर्कात उतरतात. माश्या चीक मिळाला नाही तर डांबर किंवा ओला रंगही उचलतात, त्यामुळे हमरस्त्याच्या कडेची किंवा वर्कशॉपजवळची पेटी टाळलेली बरी. वरवा माइट या माश्यांवरच्या किडीसाठी पेटीत औषधी पट्ट्या लावल्या असतील तर त्या हंगामाचा माल औषधासाठी नको. चौकटींचे कान आणि आतलं झाकण खरडा. भिंतींवरचा थर राहू द्या, त्यावर वसाहतीचं आरोग्य अवलंबून असतं.

कपचे दोन तास फ्रीजरमध्ये ठेवून खलबत्त्यात कुटा. मिक्सर वापरायचा असेल तर भांडंही गार करा आणि पाच-पाच सेकंदांचेच झटके द्या. घर्षणाने गरम झालं की पात्याभोवती गोळा बसतो, तो मग निघता निघत नाही. पूड थंड पाण्यात ढवळा: मेण, भुसा, माश्यांचे पाय वर तरंगतील, राळ तळाशी बसेल. वरचं ओतून द्या. खालची पूड सावलीत दोन दिवस पूर्ण वाळवा. ओलसर राहिली तर ती ज्यात भिजवायची त्या स्पिरिटची (इथेनॉलची) तीव्रता घसरते आणि अर्क कमी उतरतो.

अर्कासाठी ७० टक्के इथेनॉल सर्वांत चांगलं. त्याहून तीव्र घेतलं तर मेण जास्त विरघळतं, कमी तीव्र घेतलं तर फ्लेव्होनॉइड मागे राहतात. ९५ टक्क्यांचं असेल तर ७४ मि.लि. घेऊन उकळून गार केलेल्या पाण्याने १०० मि.लि. करा. शुद्ध इथेनॉलवर आबकारी खात्याचं नियंत्रण असतं, ते अधिकृत मार्गानेच घ्यावं. नाही मिळालं तर ४२.८ टक्क्यांची व्होडका चालते, फक्त अर्क सौम्य होतो. हार्डवेअरच्या दुकानातलं स्पिरिट किंवा सॅनिटायझर चुकूनही नको. त्यात मिथेनॉल किंवा इतर विषारी भेसळ असते.

काचेच्या बरणीत २० ग्रॅम पूड आणि १०० मि.लि. द्रव घ्या, झाकण घट्ट लावून अंधाऱ्या कपाटात ठेवा. दिवसातून दोनदा हलवा. ७० टक्क्यांत दोन आठवडे, व्होडकात तीन. मलमलीतून गाळा, मग कॉफीच्या फिल्टरमधून. आता रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, मेणाचा पांढरट गाळ खाली बसेल. थंड असतानाच पुन्हा गाळा, कोमट झालं की मेण परत मिसळतं. तांबूस-तपकिरी, पारदर्शक द्रव उरला पाहिजे.

बाटलीवर '२० टक्के' लिहू नका, कारण ते कच्च्या पुडीचं प्रमाण आहे. खरी ताकद मोजायला सराफाच्या काट्यावर स्टीलची छोटी वाटी तोला, ५ मि.लि. अर्क घाला, गरम पाण्याच्या पातेल्यावर ठेवून सुकवा (गॅस बंद करून, स्पिरिटची वाफ पेट घेते), परत तोला. ०.५ ग्रॅम उरलं म्हणजे अर्क १० टक्क्यांचा. विकत घेतलेली बाटलीही अशीच तपासता येते, मात्र ग्लिसरीन किंवा ग्लायकॉल असलेली नाही, कारण ती द्रव्यं सहज उडत नाहीत.

तोंडातल्या छाल्यावर लावायचं तर आधी कापसाने जागा कोरडी करा, मग काडीने एक थेंब टेकवा. क्षणभर चरचरतं, मग स्पिरिट उडून राळेचा पातळ पापुद्रा बसतो. ओल्या जागेवर तो बसत नाही, राळ लाळेत पांढरी होऊन निघून जाते. गुळण्यांसाठी अर्धा कप कोमट पाण्यात १०-१५ थेंब. पाणी दुधाळ होतं, त्यात बिघाड काही नाही, न विरघळणारी राळ वेगळी होते एवढंच.

मलमासाठी १० ग्रॅम पूड १०० मि.लि. तिळाच्या तेलात, गरम पाण्याच्या पातेल्यावर, ६०-६५ अंशांवर ४५ मिनिटं ढवळा. गाळून १२ ग्रॅम मधमाश्यांचं मेण घाला. आपल्या उन्हाळ्यासाठी १८ ग्रॅम, नाहीतर डबीत तेल सुटतं. फाटलेल्या टाचा, किरकोळ खरचटणं एवढ्यालाच लावा. ओठांवरच्या हर्पिसच्या फोडांवर काही चाचण्यांत प्रोपोलिसच्या मलमाने फरक दिसला आहे. मधुमेह, कर्करोग यांच्या दाव्यांना माणसांवरच्या चाचण्यांचा तसा भक्कम आधार नाही.

प्रोपोलिसची ॲलर्जी खरी आहे आणि ती मुख्यतः कॅफिक आम्लाच्या एस्टरांमुळे होते, म्हणजे चांगल्या मालातही असते. पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून ४८ तास पाहा. खाज, पुरळ आलं तर तोंडात घालूच नका. दमा असणाऱ्यांनी आणि आंब्याच्या चिकाने तोंड उतणाऱ्यांनी जास्त जपावं. लहान मुलांना व गरोदर बाईला स्पिरिटचा अर्क देऊ नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोटात घेऊ नये. आणि तंबाखू-गुटखा खाणाऱ्याच्या तोंडातला छाला दोन आठवड्यांत भरला नाही, तर थेंब लावणं थांबवून त्याला दंतवैद्याकडे किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या.