हिब्रू मुळाच्या नावाचा माग कसा काढावा : ‘हन्ना’चे उदाहरण

नावांच्या कोणत्याही संग्रहात ‘हन्ना’ शोधले, तर पुढे ‘हिब्रू, अर्थ : कृपा’ एवढीच नोंद सापडते. ती चुकीची नाही; पण जे नाव मुलीला आयुष्यभर सोबत करणार आहे, त्याची ओळख एका शब्दावर आटोपणे मला अपुरे वाटते. थोडी चिकाटी ठेवली तर हिब्रू मुळाच्या कोणत्याही नावाचा उगम आपला आपल्याला तपासता येतो. त्यासाठी आधी मूळ अक्षरे, मग धातू, मग ज्या ग्रंथात ते नाव आले तो प्रसंग, त्यानंतर नावाचा प्रवास आणि सर्वांत शेवटी आकडेवारी, असा क्रम ठेवावा. अनेक जण आकडेवारीपासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात.

हिब्रूत हे नाव हेत, नून आणि हे अशा तीन अक्षरांनी लिहितात. पहिल्या हेतचा उच्चार घशातून होतो आणि त्याला नेमके जुळणारे अक्षर देवनागरीत नाही. मराठी बायबलमध्ये ‘हन्ना’ आहे, इंग्रजीवरून आलेले रूप ‘हॅना’ आहे, तर आजच्या इस्रायलमध्ये तोच पहिला वर्ण ‘ख’कडे झुकतो. म्हणून लिप्यंतरावर विसंबू नये. मूळ अक्षरे एकदा टिपून ठेवली की पुढचे निम्मे घोटाळे टळतात. रोमन लिपीतील सहा अक्षरांचे हे नाव (Hannah) उलटसुलट कसेही वाचले तरी सारखेच राहते, याचे अनेकांना अप्रूप असते. मात्र ती गंमत त्या लिपीपुरतीच आहे, मूळ हिब्रू लेखनात ती नाही.

यानंतर धातूकडे वळावे. हेत-नून-नून या धातूचा अर्थ कृपा करणे, दया दाखवणे असा आहे आणि त्यातूनच ‘हेन’ हे नाम आले आहे. एका शब्दकोशावर न थांबता हा शब्द प्रत्यक्ष वाक्यांत कसा वापरला आहे ते पाहावे. बायबलमधील ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात नोहाला परमेश्वराच्या दृष्टीत ‘हेन’ लाभते, म्हणजे तो त्याच्या कृपेस पात्र ठरतो. त्यातीलच ‘नीतिसूत्रे’ या पुस्तकाच्या एकतिसाव्या अध्यायात मात्र हाच शब्द फसव्या ठरणाऱ्या रूपमोहिनीसाठी येतो. एखाद्याच्या मनात भरणे आणि त्यामुळे त्याची मर्जी लाभणे, अशा दोन्ही छटा त्या एका शब्दात आहेत. ‘योहानान’ या नावाचा, म्हणजेच योहान आणि जॉन या रूपांचा उत्तरार्धही याच धातूचा आहे. हिब्रूची भगिनीभाषा असलेल्या फिनिशियनमध्ये ‘हानिबाल’ या नावात, म्हणजे ‘बाल या देवाची कृपा’ या अर्थात, तो दिसतो. याउलट जपानी ‘हाना’ म्हणजे फूल आणि कोरियन ‘हाना’ म्हणजे एक. त्यांचा या नावाशी केवळ ध्वनीपुरता संबंध आहे. असे अर्थ एकत्र करून दिलेली यादी दिसली, तर ती बाजूला ठेवावी.

आता ग्रंथातील प्रसंग. बायबलमधील शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात एलकानाची पत्नी हन्ना निपुत्रिक आहे आणि सवत पनिन्ना तिला त्यावरून डिवचत राहते. शिलो येथील मंदिरात ती मनातल्या मनात प्रार्थना करते. ओठ हलत आहेत पण आवाज ऐकू येत नाही, हे पाहून याजक (धर्मगुरू) एली तिला मद्यपी समजतो. ती त्याला नम्रपणे, पण ठामपणे उत्तर देते. पुढे तालमूद या ज्यू धर्मग्रंथामध्ये प्रार्थना कशी करावी याचे नियम तिच्या या कृतीवरून काढले गेले. नावाचा अर्थ सांगताना हा प्रसंग गाळणे मला तरी योग्य वाटत नाही. त्याच अध्यायात सावधगिरीचा एक धडाही आहे : परमेश्वराकडे मागितला म्हणून हन्नाने पुढे झालेल्या मुलाचे नाव शमुवेल ठेवल्याचे तिथे म्हटले आहे, परंतु ‘मागणे’ या अर्थाचा हिब्रू धातू शमुवेलापेक्षा ‘शौल’ या नावाशी जुळतो. म्हणजे ग्रंथाने स्वतः दिलेली व्युत्पत्तीही कधी कधी शब्दखेळ असते.

नावाचा प्रवास पाहताना ते कोणत्या भाषेतून पुढे गेले, हे विचारावे. ग्रीक वर्णमालेत ‘ह’साठी स्वतंत्र अक्षर नसल्याने बायबलच्या ग्रीक भाषांतरात हन्नाची ‘अन्ना’ झाली आणि लॅटिनने तेच रूप घेतले. दुसऱ्या शतकातील एका ग्रंथात येशूच्या आजीचे नाव अन्ना असे येते. तिच्या भक्तीमुळे हे रूप युरोपभर रुजले. युरोपातील सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेनंतर बायबलची भाषांतरे थेट हिब्रूवरून होऊ लागली आणि इंग्लंडमधील प्युरिटन, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट पंथाच्या कुटुंबांनी ‘हॅना’ आपलेसे केले. त्यामुळे अन्ना आणि हॅना ही एकाच नावाची दोन वाटांनी आलेली रूपे आहेत. बुडापेस्टमध्ये 1921 साली जन्मलेल्या कवयित्री हन्ना सेनेश यांचे जन्मनाव ‘अनिको’, म्हणजे अन्नाचेच हंगेरियन लाडके रूप होते. 1939 मध्ये पॅलेस्टाइनला गेल्यावर त्या ‘हन्ना’ या नावाने ओळखल्या गेल्या. एकाच आयुष्यात दोन्ही वाटा अशा येऊन मिळाल्या.

लोकप्रियतेसाठी अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा प्रशासनाची 1880 पासूनची आणि इंग्लंड व वेल्सच्या सांख्यिकी कार्यालयाची 1996 पासूनची यादी पाहता येते. अमेरिकेत 1998, 1999 आणि 2000 या तिन्ही वर्षी हॅना मुलींच्या नावांत दुसऱ्या क्रमांकावर होती. मात्र क्रमांकाबरोबर प्रमाणही पाहावे, कारण 1880 मध्ये पहिल्या आलेल्या मेरीचा वाटा सात टक्क्यांहून अधिक होता, तर 2000 मध्ये पहिल्या आलेल्या एमिलीचा सुमारे सव्वा टक्काच होता. कारणे शोधताना तारखा ताडून पाहाव्यात. या नावाच्या किशोरवयीन गायिकेची अमेरिकी दूरचित्रवाणी मालिका 2006 मध्ये सुरू झाली. नाव त्याआधीच शिखर गाठून आले होते, त्यामुळे त्या यशाचे श्रेय मालिकेला देता येत नाही. शिवाय अमेरिकेच्या यादीत एका वर्षात पाचपेक्षा कमी मुलांना दिलेली नावे गाळली जातात आणि प्रत्येक वर्णलेखन वेगळे नाव म्हणून मोजले जाते. त्यामुळे एकूण प्रसार हवा असेल तर सर्व रूपांची बेरीज स्वतः करावी लागते. रोमन लिपीत शेवटचा ‘एच’ गाळलेले रूप असेच वेगळे मोजले जाते. तो ‘एच’ उच्चारात ऐकू येत नाही, पण हिब्रूतील शेवटच्या ‘हे’ या अक्षराची खूण त्यात टिकून आहे, म्हणून नाव रोमन लिपीत लिहायचे झाल्यास तो ठेवावा, असे मी सुचवेन.