वीज गेली तरी तास थांबणार नाही, अशी तयारी

पहिली तयारी कागदावरची. फोन, प्रोजेक्टर, पेन ड्राइव्ह यांतलं काहीही पिशवीत भरण्याआधी टाचणवही उघडा आणि एक वाक्य लिहा: या तासात मुलांना असं काय दाखवायचं आहे, जे मला फळ्यावर दाखवता येत नाही? वाक्य सुचलं नाही, तर त्या दिवशी खडू घेऊन वर्गात जा. मी गोव्यात फोंडा तालुक्यात मराठी माध्यमाच्या वर्गांना शिकवते. खाजन शेतीचा, म्हणजे नदीकाठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतीचा, तास घ्यायचा होता तेव्हा माझं वाक्य असं होतं: मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेचं, दार भरतीला आपोआप मिटतं आणि ओहोटीला आपोआप उघडतं, ते मुलांनी डोळ्यांनी बघायला हवं. फळ्यावर बांध काढला, दार काढलं, दोन बाण काढले, की मुलं माना डोलावतात. मग मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतंच, "बाई, पण दार ओढतं कोण?" त्या प्रश्नासाठी मी फोन हातात घेतला. पुढची सगळी यादी त्याच एका तासावरून सांगते. तुमचा विषय वेगळा असला तरी कामं बहुतेक हीच असतील.

तासाच्या आधी निदान आठ दिवस चित्रण करून घ्या. इंटरनेटवर शोधायला बसलात तर हॉलंडची धरणं मिळतील, आणि आपल्या मुलांना ती परग्रहावरची वाटतील. बांध आपल्या गावात आहे, तर तिथे जा. आधी भरती-ओहोटीच्या वेळा बघून घ्या. दिवसात दोनदा भरती येते, दोन भरतींमध्ये साधारण साडेबारा तास जातात, आणि रोजची वेळ आदल्या दिवसापेक्षा सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे शनिवारी सकाळी हुकलं तर रविवारी त्याच घड्याळाला जाऊन उपयोग नाही. नदीचं पाणी चढू लागलं की बाहेरून दाब येऊन दार मिटतं आणि खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटीला बाहेरची पातळी उतरते, आतलं पाणी दाराला ढकलतं, आणि साचलेलं पाणी नदीत निघून जातं. ही दोन्ही दृश्यं एकाच जागेवरून घ्या, म्हणजे मुलांना तुलना करता येईल. फोन आडवा धरा. हात थरथरतो, म्हणून फोन दगडाला किंवा पाण्याच्या भरलेल्या बाटलीला टेकवून ठेवा. पाणी हळूहळू चढताना दाखवायचं तर टाइमलॅप्स लावा. दार हलतं तो क्षण मात्र नेहमीच्या वेगाने घ्या. शेतमालकाला आधी विचारा. आणि मानशीजवळ मुलांना नेऊ नका, निदान चित्रणासाठी तरी नाही. तिथे पाण्याला ओढ असते, बांध शेवाळलेला असतो, आणि फोनच्या पडद्यात बघणाऱ्याचं पायाकडे लक्ष नसतं.

तिथे कुणी जुनं माणूस भेटलं तर त्यांचा आवाज वेगळा रेकॉर्ड करा. फोन त्यांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरा आणि स्वतः वाऱ्याच्या बाजूला उभे राहा, नाहीतर घरी आल्यावर नुसता वाराच ऐकू येतो. ते कोंकणीत बोलतील. बोलू द्या, मराठीत बोला असं सांगू नका. आपल्या वर्गातली बहुतेक मुलं घरी कोंकणीच बोलतात, आणि शाळेच्या दारात आल्यावर अर्धे शब्द बाहेर ठेवून आत येतात. मला याचं फार वाटतं. मी त्या आजोबांचं दोन मिनिटांचं बोलणं जसंच्या तसं ऐकवलं आणि मुलांना ते मराठीत लिहून काढायला सांगितलं. एरवी चार ओळींवर थांबणाऱ्या मुलीने पानभर लिहिलं, कारण तिला अर्थ शोधावा लागला नाही, फक्त शब्द निवडावे लागले. फोनचा वर्गातला सगळ्यांत मोठा उपयोग कोणता, असं मला कुणी विचारलं तर मी आवाज नोंदवण्याचं बटण दाखवीन.

नेटवर अवलंबून राहू नका. २०२० साली शाळा बंद होत्या तेव्हा सांगे-सत्तरीकडची मुलं नेटवर्कसाठी डोंगर चढून बसत होती, ते आपण विसरलेलो नाही. आजही भिंती जाड आणि पाऊस मोठा असला की वर्गात चित्रफीत अडकते, आणि फिरत्या गोलाकडे बघत बसलेला वर्ग पुन्हा गोळा करायला दहा मिनिटं जातात. म्हणून लागणारं सगळं घरूनच उतरवून आणा. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड असेल तर दीक्षा या सरकारी अॅपमध्ये तो धडा आधीच डाउनलोड होतो. छपाई पुसट असल्याने कोड वाचला जात नसेल, तर त्याच्याखाली छापलेली सहा अक्षरं टाका. विज्ञानाला कोलोरॅडो विद्यापीठाचा फेट हा प्रकल्प फार चांगला आहे. त्यातल्या प्रयोगांच्या बऱ्याच हलत्या प्रतिकृती मराठीत आहेत, आणि बहुतेक प्रतिकृती एका फाईलमध्ये उतरवून नेटशिवाय ब्राउझरमध्ये चालवता येते. किविक्स नावाच्या अॅपने मराठी विकिपीडिया फोनमध्ये साठवता येतो. शब्दार्थ, गावं, नद्या यांसाठी तो पुरतो, मात्र आपण वाचून तपासल्याशिवाय त्यातलं काही मुलांपुढे ठेवू नका. खाजनासाठी मी उपग्रह नकाशावर जुवारी नदीचा काठ मोठा करून पडद्याचे तीन फोटो काढून ठेवले होते. बांधाची रेघ वरून इतकी स्पष्ट दिसते, की मुलांनी आपापली घरं शोधायला सुरुवात केली.

आता फायली. आदल्या रात्री करायचं काम हे नाही, दोन दिवस आधीच करा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं मराठी दुसऱ्या संगणकावर उघडलं की अक्षरांच्या जागी चिन्हांचा कचरा दिसतो, म्हणून युनिकोडमध्येच टाइप करा आणि शेवटी पीडीएफ करून घ्या. जोडाक्षरं तुटत नाहीत. बोटांनी टाइप करायला वेळ लागत असेल तर फोनच्या कीबोर्डवरचा माईक दाबून मराठीत बोला, बरंचसं बरोबर उमटतं, वेलांट्या मात्र नजरेखालून घाला. चित्रफीत एमपी४ स्वरूपात ठेवा. पूर्ण एचडीत घेतलेलं एक मिनिट शंभर एमबीच्या आसपास जातं, तेव्हा कापून चाळीस-पन्नास सेकंदांवर आणा. व्हॉट्सअॅपवरून दुसऱ्या फोनवर पाठवणार असाल तर व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे दृश्य धूसर होत नाही. फायलींच्या नावांपुढे १, २, ३ असे आकडे घाला. एक प्रत फोनमध्ये, एक पेन ड्राइव्हवर, एक शाळेच्या संगणकावर. पेन ड्राइव्ह विषाणूसाठी तपासून मगच लावा, कारण तो गावभर फिरून आलेला असतो.

पिशवीत काय हवं? एचडीएमआय केबल, आणि प्रोजेक्टर जुना असेल तर व्हीजीएची जोडणी. टाइप-सीवरून एचडीएमआय देणारा तुकडा विकत घेण्याआधी आपला फोन त्यातून चित्र बाहेर देतो का, ते दुकानातच लावून बघा. स्वस्तातले बरेच फोन देत नाहीत. तीन पिनांचा एक्स्टेंशन बोर्ड, कारण प्लग नेहमी दाराजवळ असतो आणि पडदा समोरच्या भिंतीवर. वायर मुलांच्या वाटेवर येत असेल तर चिकटपट्टीने जमिनीला चिकटवा. स्पीकर वायरचा असेल तर बरा, ब्लूटूथवर कधीकधी ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो. पावर बँक रात्रभर चार्ज केलेली.

प्रोजेक्टरची आपल्या हवेत विशेष काळजी घ्यावी लागते. जून ते सप्टेंबर तो कपाटात पडून राहिला तर भिंगावर बुरशी धरते. सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद डब्यात ठेवा आणि आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं चालू करा. गणेश चवथीच्या सुट्टीनंतर तर तासाच्या आधी नक्की लावून बघा, वायुछिद्रांत मुंग्या घर करतात. बंद केल्यावर पंखा थांबेपर्यंत पिन काढू नका. मात्र आभाळ गडगडायला लागलं की काम संपवून पिन काढून ठेवायची, मग पुढचा भाग राहिला तरी चालेल.

वर्ग आदल्या दिवशी संध्याकाळी बघा. पडद्यावर अक्षरं लावा, जाऊन शेवटच्या बाकावर बसा आणि वाचा. तुम्हाला डोळे बारीक करावे लागले तर तिथे बसणाऱ्याला काहीच दिसणार नाही. लाल-हिरव्या रंगांवर अर्थ टांगू नका, काही मुलांना तो फरक दिसत नाही. खिडक्यांना काळं कापड लावलं तर ऑक्टोबरच्या उकाड्यात पंखा चालू ठेवावाच लागेल आणि पंख्याचा आवाज स्पीकरवर येईल, हे धरून चाला. आषाढातल्या तासासाठी तर आवाज असलेलं काही निवडूच नका. छपरावर पाऊस कोसळत असताना मोठा स्पीकरही हरतो. तेव्हा बिनआवाजाची दृश्यं आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत ओळी. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला त्या ओळी बाराही महिने लागतात.

आणि वीज जाईल, असं धरूनच सगळी तयारी करा. माझ्याकडे प्लास्टिकचा टब होता. मध्ये पुठ्ठ्याची उभी भिंत मेणबत्तीच्या मेणाने बसवली, भिंतीला चौकोनी भोक पाडलं आणि त्यावर जुन्या फाईलच्या प्लास्टिकची झडप एका बाजूने चिकटवली. झडप ज्या बाजूला ती नदी, दुसरी बाजू शेत. नदीच्या बाजूने तांब्या ओतला की झडप भिंतीला घट्ट बसते, शेताच्या बाजूने ओतला की उघडते. वीज गेली तर वापरायचा म्हणून केलेला हा टब, पण आता मी चित्रफितीनंतर तो रोजच काढते. खरं दार बघितल्यावर मुलं टबाशी गंभीरपणे वागतात. एकाने झडप उलट्या बाजूला लावून पाहिली आणि शेत बुडवलं; त्या चुकीतून जे समजलं, ते मला सांगावंच लागलं नाही. सोबत दोन दृश्यांच्या छापील प्रतीही ठेवा, गटागटात फिरवायला.

वर्गात जाताना फोन स्वच्छ हवा. एकदा धडा चालू असताना माझ्या घरच्या आजारपणाचा मेसेज पडद्यावर उतरला. मुलं एकदम गप्प झाली, एक मुलगी उठून माझ्याजवळ येऊन उभी राहिली, आणि तो तास तिथेच संपला. त्या लहान मुलांवर माझ्या घरचं ओझं पडायला नको होतं. तेव्हापासून विमान मोड लावल्याशिवाय मी केबल जोडत नाही, आणि दाखवायचं ते अॅप पिन करून ठेवते, म्हणजे मध्येच दुसरं काही उघडत नाही. शक्य असेल तर जुना, सिम नसलेला फोन वर्गासाठीच वेगळा ठेवा. यूट्यूब लावायचंच असेल तर आपोआप पुढचं सुरू होणं आधी बंद करा आणि चित्रफीत शेवटपर्यंत स्वतः बघून घ्या.

मुलांकडून फोन आणवायचे असतील तर मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या आणि पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत कारण सांगा. चौघांत एक फोन पुरतो, आणि तो गटातल्या प्रत्येकाच्या हातात फिरेल हे बघा. नाहीतर ज्याचा फोन त्याचाच धडा होतो. फोनवरचा गृहपाठ सक्तीचा करू नका. वडील कुंडईला कारखान्यात दुसऱ्या पाळीला असतात आणि घरातला एकुलता फोन त्यांच्याबरोबर जातो, अशी मुलं माझ्या वर्गात आहेत. त्यांनी हे सगळ्यांसमोर सांगावं लागू नये.

मुलांचे फोटो आणि आवाज यांबाबत कडक राहा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालची व्यक्ती म्हणजे मूल, आणि मुलांची माहिती वापरणाऱ्यांनी पालकांची खात्रीची संमती घ्यावी, असं त्यात म्हटलं आहे. मुलांची नावं, जन्मतारखा मागणारं अॅप असेल तर पालकांना विचारल्याशिवाय एकही नाव भरू नका. नाव न भरता चालणारं अॅप शोधा. स्टेटसला मुलांचे चेहरे टाकू नका, कौतुकाने सुद्धा. ऑनलाइन कुणी मुलाला त्रास देत असेल तर मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा १०९८ आणि सायबर फसवणुकीसाठीचा १९३० हे दोन क्रमांक फळ्याच्या बाजूला कायम लिहिलेले असू द्या.

तासात घाई नको. माझी चित्रफीत पन्नास सेकंदांची, पण तिला वीस मिनिटं लागली. दार हलायच्या क्षणाआधी थांबवलं आणि विचारलं, आता काय होईल? प्रत्येकाने वहीत लिहिलं, मग पुढे चालवलं. अर्ध्या वर्गाचं उत्तर चुकलं होतं, आणि ज्यांचं चुकलं त्यांनीच पुन्हा दाखवा म्हणून हट्ट धरला. शेवटची दहा मिनिटं पडदा बंद ठेवा, बघितलेलं दार मुलांना कोऱ्या कागदावर काढू द्या. ते कागद गोळा करा. कुठे बाण उलटा गेला ते बघून उद्याच्या तासाची सुरुवात ठरते.

घरी जाण्याआधी गटातल्या फोनमधले फोटो मुलांसमोर पुसा, केबली मोजा, टबातलं पाणी झाडांना घाला, टाचणवहीत काय अडलं ते दोन ओळींत लिहा. आणि फळ्याच्या कोपऱ्यात उद्याच्या भरतीची वेळ लिहून ठेवा. नदीकाठची मुलं ती सकाळी पडताळून येतात.