जपानीत जिंकणे-हरणे कसे बोलावे

सुरुवात दोनच क्रियापदांपासून करा: कात्सु म्हणजे जिंकणे, माकेरु म्हणजे हरणे. निकाल बहुधा भूतकाळातच सांगतात, म्हणून ती रूपेही लगेच शिका. मित्रांमध्ये कात्ता, माकेता. ऑफिसात किंवा अनोळखी माणसाशी काचिमाशिता, माकेमाशिता. ‘कात्ता’मधला ‘का’ वरच्या सुरात म्हणा. खालच्या सुरात सुरू केलात, तर टोकियोच्या माणसाला ‘विकत घेतले’ असे ऐकू येईल.

पुढच्या पायरीवर घाई नको. ‘सामना जिंकला’ म्हणायची सवय असल्याने आपण सामन्याला कर्माचा ‘ओ’ लावून मोकळे होतो. जपानीत तिथे ‘नि’ लागतो: शिआइ नि कात्ता. समोरच्या संघालाही तोच ‘नि’. ‘ओसाका नि कात्ता’ म्हणजे ओसाकाला हरवले आणि ‘ओसाका नि माकेता’ म्हणजे ओसाकाकडून हरलो. क्रियापद सुटे पाठ करू नका, ‘नि’सकटच तोंडात बसवा.

मग गुण जोडा. ‘गो ताइ सान दे कात्ता’ म्हणजे ५-३ ने जिंकलो. बरोबरीला हिकिवाके. व्यावसायिक बेसबॉलच्या साखळी सामन्यात १२ डावांनंतरही गुण सारखे असले, तर हाच शब्द ऐकाल. विजेतेपद म्हणजे यूशो, आणि हरता हरता सामना फिरवला तर ग्याकुतेन.

सरावासाठी सुमोसारखे दुसरे काही नाही, असे माझे ठाम मत आहे. वर्षात ६ स्पर्धा, विषम महिन्यांत, प्रत्येकी १५ दिवस. वरच्या दोन गटांतला मल्ल रोज एक कुस्ती खेळतो. एक मल्ल निवडा आणि रोज निकाल पाहून मोठ्याने म्हणा: क्यो वा कात्ता, आज जिंकला. विजयाला शिरोबोशी, म्हणजे पांढरा तारा. पराभवाला कुरोबोशी, काळा तारा. ८ विजय झाले की काचिकोशी, ८ पराभव झाले की माकेकोशी. ७-७ अशा स्थितीत शेवटच्या दिवशी उतरलेल्या मल्लाची कुस्ती जरूर पाहा. त्या दिवशी हे दोन्ही शब्द कायमचे लक्षात राहतील.

भावनेचे शब्दही हवेत. हरल्याची चुटपुट आणि चीड मिळून कुयाशीइ, थोडक्यात हुकले तर ओशीइ. हार अजिबात न खपणारा माणूस माकेझुगिराइ.

माकेरु बाजारातही चालते. ‘चोत्तो माकेते कुरेमासेन का’ म्हणजे ‘थोडे कमी कराल का?’ हे आठवडी बाजारात किंवा जुन्या वस्तूंच्या दुकानात विचारा. मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये मात्र नको, तिथे भाव ठरलेला असतो.