यंत्रमानवाची चाल आणि बाळाचे पाऊल यांची तुलना कशी करावी

नुकत्याच चालू लागलेल्या मुलाची आणि दोन पायांच्या यंत्रमानवाची तुलना वेगापासून सुरू करू नये. तोल कसा सांभाळला जातो आणि तो गेल्यावर काय होते, हे आधी पाहावे.

मूल सपाट फरशीवर अनवाणी चालत असताना मोबाइलवर समोरून आणि बाजूने दोन-तीन मिनिटांचे चित्रण करावे आणि ते संथ गतीने पाहावे. पांगुळगाडा मात्र दूर ठेवावा, कारण त्यात मुलाचा भार गाडाच पेलतो. मूल पाय फाकवून चालते, हात वर धरते आणि टाचेऐवजी सपाट पाऊल टेकवते, असे दिसेल. त्यानंतर होंडाने २००० साली सादर केलेल्या असिमो या दोन पायांच्या यंत्रमानवाचे चित्रण लावावे. त्याचे गुडघे चालताना सतत किंचित वाकलेले असतात, कारण गुडघा पूर्ण ताठ झाला की सांध्यांच्या गणितातून शरीराची पुढची हालचाल ठरवणे अवघड होते.

आता पडणे मोजावे. न्यूयॉर्क विद्यापीठातील कॅरेन अॅडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांनुसार, १२ ते १९ महिन्यांची मुले मनसोक्त खेळताना तासाला सरासरी २,३६८ पावले टाकतात आणि १७ वेळा पडतात. म्हणून नुसती संख्या न लिहिता पडताना हात पुढे आले का आणि उठायला किती सेकंद लागले, हेही नोंदवावे. अमेरिकेतील पोमोना येथे २०१५ मध्ये झालेल्या, डार्पा या अमेरिकी संरक्षण संशोधन संस्थेच्या यंत्रमानव स्पर्धेच्या अंतिम फेरीत अनेक यंत्रमानव कोसळले, पण माणसाच्या मदतीशिवाय उठला तो कार्नेगी मेलन विद्यापीठाचा चिंप हा यंत्रमानव. पुढे यंत्रे बरीच सुधारली असल्याने प्रत्येक चित्रणाचे साल लिहिणे आवश्यक आहे.

बोस्टन डायनॅमिक्स कंपनीच्या अॅटलस या यंत्रमानवाच्या २०१७ मधील कोलांटउडीला मात्र भुलू नये. ठरवून बसवलेल्या हालचालीपेक्षा बदललेल्या जमिनीवरची हालचाल अधिक बोलकी असते. वाटेत घडी घातलेली गोधडी ठेवून, स्वतः जवळ थांबून, मूल पायाने चाचपते, थांबते की सरळ बसून रांगू लागते, ते पाहावे; यंत्रमानवाचेही खडबडीत जमिनीवरचे चित्रण निवडावे. मूल पाच वर्षांचे असेल, तर त्याला लंगडी घालायला सांगून वळताना दुसरा पाय केव्हा टेकतो, तेवढे टिपावे.