रिफ्लेक्टर चकचकीत केलात, आता टायमर बघा

मरीन टँकच्या, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीच्या, मेंटेनन्सचं काम ज्यांनी नवीन धरलंय त्यांच्यासाठी लिहितोय. घोडबंदरच्या टॉवर्समधे, पाम बीचच्या बाजूच्या ऑफिसांमधे काम मिळतं, पण नीट शिकवणारे कमी आणि "हळूहळू येईल रे" म्हणणारे जास्त. अशा उस्तादाची बॅग उचलत वर्ष घालवू नका, खरंच.

रिफ्लेक्टर, म्हणजे लाईटच्या ट्यूबमागचा चकचकीत पत्रा, कसा पुसायचा ते तुम्हाला माहीत असेलच. प्लग काढा, लाईट गार होऊ द्या, टँकपासून लांब न्या. कोरडं फडकं अजिबात नको, सुकलेल्या मिठाचे कण ओरखडे काढतात आणि ते कायमचे. आरओडीआयच्या, म्हणजे क्षार पूर्ण काढलेल्या, पाण्यात भिजवलेलं मायक्रोफायबर त्या पांढऱ्या थरावर नुसतं ठेवून द्या, मीठ विरघळलं की हलक्या हाताने टिपा. नळाचं नको, मोरबे धरणाचं पाणी प्यायला कितीही चांगलं असलं तरी सुकलं की डाग राहतात. चिवट डागाला पातळ केलेलं व्हाइट व्हिनेगर, मग परत आरओडीआय. काचेचा अमोनियावाला स्प्रे टँकच्या आसपास पण नेऊ नका.

आता जे मला कोणीच सांगितलं नव्हतं ते. टी-फाईव्ह ट्यूब (बारीक ट्यूबलाईट) चारी बाजूंना उजेड फेकते, वर जाणारा खाली वळवतो तो रिफ्लेक्टर. मळका होता तोवर ॲनिमोनला (फुलासारखा दिसणारा, दगडाला चिकटून राहणारा समुद्री प्राणी) कमी उजेडाची सवय झालेली असते, तुम्ही चकाचक केलंत की एका दिवसात उजेड वाढतो, आपल्या डोळ्यांना फरक फारसा कळत नाही पण त्याच्या अंगातल्या शेवाळाला कळतो, ते शेवाळ तो बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. खारघरला बघितलंय, आधी टेंटॅकल्स (बोटांसारखे मऊ धागे) आखडली, मग पाय सोडून दगडामागे सरकला, आणि सरकणारा ॲनिमोन पंपात ओढला गेला तर अख्खा टँक खराब होतो. म्हणजे स्वच्छ केल्यावर लाईट थोडा उंच टांगा किंवा टायमरवर तास कमी करा, दोन-तीन आठवड्यांत हळूहळू पूर्ववत आणा. त्याच दिवशी नवीन ट्यूब तर मुळीच टाकू नका, दोन्ही एकदम करून वेळ वाचवणारे मला पटतच नाहीत.

घाबरू नका मात्र. पांढरा पडला म्हणजे मेला असं नाही, उजेड कमी करून पाणी स्थिर ठेवलं तर बरेचदा सावरतो, वेळ लागतो फक्त. आणि निघताना पार्टीला, म्हणजे टँकच्या मालकाला, सांगून ठेवा, दोन-तीन आठवडे टँक जरा अंधारा वाटेल, टायमरला हात लावू नका.