नव्या उत्पादनाच्या कल्पना सिस्टीममध्ये हरवतात, त्या का? या चुका टाळा

गोव्यातले वेर्णा, कुंडई, डिचोली. कुठल्याही औद्योगिक वसाहतीत जा, कल्पनांची वानवा नाही. त्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाहीतर कुणाच्या तरी एक्सेलमध्ये पडून असतात, आणि तो माणूस नोकरी सोडून गेला की त्याच्याबरोबर जातात.

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे कल्पना सुचताच ईआरपीत, म्हणजे साठा, खरेदी, विक्री सांभाळणाऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये, आयटम कोड काढणे. काजू कारखान्याचे उदाहरण घ्या. डब्ल्यू ३२० प्रतीच्या अख्ख्या काजूगरांना कोकमाचा लेप देऊन पाहू, असे ठरते. सेल्सवाले 'कोकम काजू' म्हणून कोड उघडतात, स्टोअरवाले 'काजू कोकम २०० ग्रॅम' म्हणून दुसरा. माल बनतच नाही, पण दोन्ही कोड प्रत्येक स्टॉक रिपोर्टमध्ये डोके वर काढतात. कल्पनांची नोंद वेगळी ठेवा. चाचणीला तात्पुरता कोड द्या. कृती, खर्च आणि लेबल मंजूर झाल्यावरच कायमचा. आधीच घोळ झाला असेल तर ज्या कोडवर एकही व्यवहार नाही ते ब्लॉक करा. डिलीट नको, मागचा माग पुसला जातो.

याहून महागात पडते ती शेऱ्याच्या रकान्यातली 'जमले नाही' ही दोन शब्दांची बोळवण. त्याऐवजी 'जुलैत साध्या पाकिटात आठवडाभरात मऊ पडला, चव सर्वांना आवडली' असे लिहिले असते, तर पुढे नायट्रोजन भरणारे पॅकिंग मशीन आल्यावर कुणीतरी 'मऊ' शोधून ती नोंद पुन्हा उघडली असती. थ्रीएम कंपनीत स्पेन्सर सिल्व्हर यांना हलका चिकटणारा गोंद १९६८ साली सापडला. आर्ट फ्राय यांना त्याचा उपयोग नंतर सुचला आणि पोस्ट-इट या चिकटवायच्या चिठ्ठ्या अमेरिकाभर विक्रीला आल्या त्या १९८० मध्ये. फसलेल्या प्रयोगाचे कारण हा माझ्या मते नोंदीतला सर्वांत मोलाचा रकाना आहे.

फेरविचाराची तारीख हंगाम पाहून टाका. बोंडूच्या (काजूच्या फळाच्या) सिरपची कल्पना जूनमध्ये आली, तर 'पुढच्या महिन्यात बघू' याला अर्थ नाही. बोंडू मिळणार साधारण मार्च ते मे. तारीख जानेवारीची हवी, म्हणजे भांडी, माणसे, बाटल्या जुळवता येतात.

पेटंट घेण्यासारखे काही असेल तर अर्जाआधी प्रदर्शनात मांडू नका, नावीन्याचा दावा अडचणीत येतो. तात्पुरता अर्ज केल्यावर पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. सिस्टीममध्ये शीर्षक सगळ्यांना दिसू दे, घटकांचे प्रमाण मोजक्यांनाच.

आणि फॉर्म छोटा ठेवा. ग्रेडिंगच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंना मालातला फरक आधी कळतो, पण इंग्रजीतले डझनभर रकाने त्या भरणार नाहीत. कोकणी, मराठी, कन्नड, ज्या भाषेत सुचेल त्यात बोलून पाठवू दे; नोंद सुपरवायझर करील. 'सुचवणारी व्यक्ती' या रकान्यात मात्र नाव बाईंचेच हवे, सुपरवायझरचे नाही, आणि निर्णय काहीही झाला तरी तो कारणासकट आधी त्यांना कळला पाहिजे.